आठ एमबीचे दाजी आणि चार एमबीचे मामा

आमच्या घरात एकाच आठवड्यात दोन ग्राफिक्स कार्डं आली. दोन्ही मिळून एका ताटलीत मावली असती. त्यांच्याबरोबर आलेले दोन पाहुणे मात्र कुपवाडच्या आमच्या तीन खोल्यांत काही केल्या मावेनात. एक आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. ते साताऱ्याहून आले. दुसरे मामा, आईचे थोरले भाऊ, विट्याचे. जावयाचा मान आधी की मामाचा, या एका मुद्द्यावर आमच्या नात्यात भर मांडवात हळदीची ताटं उपडी झालेली मी पाहिली आहेत. तोच मुद्दा एक दिवस कॉम्प्युटरच्या डब्यात शिरेल असं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, माझ्या तर नाहीच नाही. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि जगात सगळ्या गोष्टी मोजून ठरतात असं मला वाटत होतं.

अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, पॅटर्नची शेड होती. पॅटर्न म्हणजे काय हे मला जन्मभर सोयऱ्याधायऱ्यांना समजावून सांगावं लागलंय, तेव्हा इथंही सांगून टाकते. फाउंड्रीत लोखंड ओतायच्या आधी वाळूत ज्या लाकडी वस्तूचा ठसा घेतात ती वस्तू म्हणजे पॅटर्न. लोखंड गार होताना आक्रसतं, म्हणून पॅटर्न मूळ मापापेक्षा इवलासा मोठा करायचा असतो, आणि तो इवलासा म्हणजे नेमका केवढा हे ज्याला कळतं तो कारागीर. शेड आणि घर यांच्यामध्ये एकच भिंत. सकाळचा कारखान्यांचा भोंगा झाला, रस्त्यावरून कामगारांच्या मोपेडी फटफटत गेल्या, की भिंतीपलीकडं करवतीचं पातं किंचाळायला लागायचं आणि आई आपोआप आवाज चढवून बोलायला लागायची. संध्याकाळी करवत बंद झाली तरी तिचा आवाज खाली यायचा नाही. घरात सागाचा आणि सरसाचा वास मुरलेला. आमटीवर झाकण नसलं तर आमटीत भुसा. आईनं कधी त्याची तक्रार केली नाही. पाहुण्यांना मात्र ती धणेपूड म्हणून सांगायची.

दहावीनंतर मी डिप्लोमा केला आणि सांगलीत कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचा क्लास केला. मग हट्ट करून, रुसून, दोन दिवस जेवण सोडून घरात कॉम्प्युटर आणवला. तो माजघरात टेबलावर बसला. त्याला आईनं भरतकामाचं झाकण शिवलं आणि त्याच्यासमोर चपला काढायचा नियम केला. देव्हाऱ्यासमोर तो नियम आधीच होता, त्यामुळं कुणाला जड गेलं नाही. अडचण एवढीच होती की तो मंद होता. पंपाची केसिंग, म्हणजे गोगलगाईच्या आकाराचं ते बाहेरचं कवच, मी पडद्यावर उभी करायची आणि फिरवून बघायला गेले की यंत्र घुमं व्हायचं. एक पूर्ण वळसा घ्यायला बावन्न सेकंद. अण्णा एकदा शेडमधून बघायला आले, केसिंग निम्मी फिरेपर्यंत थांबले, आणि "हिचं फिरून झालं की सांग," म्हणून परत गेले.

हसण्यावारी नेण्यासारखं ते राहिलं नव्हतं, कारण तारीख ठरली होती. एका पंपांच्या कारखान्यातले साहेब शुक्रवारी अकरा वाजता येणार होते. त्यांना नव्या पंपाच्या सगळ्या पॅटर्नचं काम एकाच शेडला द्यायचं होतं, पण लाकूड कापायच्या आधी त्यांना प्रत्येक नग पडद्यावर सगळ्या बाजूंनी फिरवून बघायचा होता. त्याच आठवड्यात उंब्रजहून माझ्यासाठी स्थळ सांगून आलं होतं. मुलाचं हायवेवर ट्रॅक्टरच्या पार्टांचं दुकान. माणसं चांगली, त्यांच्यात नाव ठेवायला जागा नव्हती, आणि तीच माझी पंचाईत होती. अण्णा कमी बोलायचे. ते म्हणाले, "शुक्रवारी साहेबांनी काम दिलं तर तू शेडमधी बसायचं. मग लगनाचं नाव मी काढणार न्हाई, तुला वाटंल तवा बघू. न्हाई जमलं तर शनवारी उंब्रजला होकार कळवतो. मान्य?" मी मान्य म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

सांगलीतल्या दुकानदारानं उपाय सांगितला: "ताई, ग्राफिक्स कार्ड टाका. चित्राचं काम ते उचलतं, मग बाकीचं यंत्र मोकळं." हे मी घरी सांगितलं ही माझी पहिली चूक. मी फोनवर अक्काला बोलले, आईनं विट्याला बोलून टाकलं, आणि बुधवारी दुपारी दोन्ही पाहुणे दोन तासांच्या अंतरानं दारात हजर.

आधी दाजी आले. ते फौजेत सिग्नल्समध्ये हवालदार होते. निवृत्त होऊन साताऱ्यात पोवई नाक्याजवळ टायपिंग आणि कॉम्प्युटरचा क्लास चालवायचे. एका हातात कंदी पेढ्यांचा पुडा, दुसऱ्या हातात कार्डाचा खोका. त्या खोक्यावर आग ओकणारा एक राक्षस काढला होता, आणि आईनं तो पटकन भिंतीकडं तोंड करून ठेवला. दाजी कधी बसून बोलायचे नाहीत. त्यांनी खोक्यातला कागद काढला, टाच जुळवली आणि हजेरी घेतल्यासारखं वाचायला लागले. "मेमरी, आठ एमबी! घड्याळ, नव्वद मेगाहर्ट्झ! रॅमडॅक, दोनशे तीस!"

"रॅमडॅक म्हणजे काय, दाजी?" मी विचारलं.

"ते आतलं असतं," दाजी म्हणाले आणि पुढच्या ओळीवर गेले.

मामा आले ते सेलमहून विट्याला आणि विट्यावरून थेट आमच्याकडं. विट्याच्या निम्म्या घरांसारखं त्यांचंही गलाईचं दुकान होतं, सोनं वितळवून शुद्ध करायचं, पार तिकडं तमिळ मुलखात. तीस वर्षं तिथं काढल्यामुळं ते मराठीतसुद्धा "सरी, सरी" म्हणत, म्हणजे बरं, बरं म्हणत, मान डोलवायचे. त्यांच्या कार्डाला खोकाच नव्हता. एका सोनाराच्या पोराच्या दुकानातून आणलेलं, चंदेरी पिशवीत गुंडाळलेलं. "माणूस खात्रीचा हाय. त्याचं सोनं माझ्या मुशीत येतं, मला खोटं देईल व्हय?" हीच त्यांची माहितीपत्रिका. पिशवीवर बारीक अक्षरात लिहिलं होतं: चार एमबी, आणि एजीपी खाचेसाठी. खाच म्हणजे मशिनमध्ये कार्ड खोचायची फट; दाजींचं कार्ड जुन्या पीसीआय खाचेचं. आमच्या मशिनमध्ये दोन्ही खाचा होत्या, हे आमचं नशीब की दुर्दैव हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

"चार?" दाजी हळूच हसले. "मामासाहेब, आमचं आठ हाय."

"आठ काय?"

"एमबी."

"वजन किती?" मामांनी विचारलं आणि कोटाच्या खिशातून छोटा ताजवा काढला. मामा ताजव्याशिवाय कुठं जात नसत; बारशाला गेले तरी बाळलेण्याचं वजन करून यायचे. दाजींचं कार्ड जड निघालं. दाजींची छाती फुगली. मामा म्हणाले, "त्याचा पंखा काढा आदी. खडा काढल्याबिगर दागिन्याचं वजन कोण करतं, पाव्हणं?" दाजींच्या कार्डाला खरंच एक बोटभर पंखा होता. आईचं मत त्या पंख्यावरच ठरलं. "ह्याला पंखा हाय, त्येला न्हाई. म्हंजी हे भारीतलं." सख्ख्या भावाच्या विरुद्ध मत दिलं म्हणून मग तिनं भरपाईला रात्रीच्या जेवणात मामांच्या पानात तूप जास्त वाढलं.

माझ्या भाच्यानं, अक्काच्या मुलानं, परवाच एक कार्ड घेतलंय. विटेएवढं आहे, तीन पंखे आहेत आणि त्याची मेमरी त्यानं मला सांगितली तेव्हा मला वाटलं तो गंमत करतोय. मी त्याला विचारलं, "हे तुझ्या कामाला त्या दुसऱ्यापेक्षा चांगलं कशावरून?" तो म्हणाला, "मावशी, आकडा बघ ना." गुडघे दुखायला लागल्यापासून मी फार ठिकाणी काही बोलत नाही.

गुरुवारी सकाळी मात्र मी माझ्या परीनं शहाण्यासारखं वागले. अण्णांचं सेकंदकाट्याचं घड्याळ मागून घेतलं. वहीत रेघा मारून कोष्टक आखलं. मग आधी दाजींचं कार्ड बसवलं, तीच केसिंग तीन वेळा फिरवली, वेळ लिहिली. ते काढून मामांचं बसवलं, तीन वेळा फिरवली, वेळ लिहिली. दाजींचं कार्ड: एकोणीस सेकंद. रंग झकास, पडदा मोठा केला तरी दम टिकून. पण ते मुळात गेमसाठी बनवलेलं होतं. राक्षस, विमानं, झाडं हवी तेवढी दाखवेल, बारीक रेघेची त्याला किंमत नव्हती. केसिंग फिरली की कडांच्या रेघा तुटायच्या, मध्येच गडप व्हायच्या, पलीकडची रेघ अलीकडं यायची. आणि तापायचं असं की बोट लागलं तर चटका. मामांचं कार्ड: अकरा सेकंद. पडदा मोठा केला की ते हात टेकायचं, चार एमबीत तेवढंच बसत होतं. पण आमचा मॉनिटरच चौदा इंची, मोठा पडदा होता कुणाला? रेघा मात्र एकूण एक जागच्या जागी. कोष्टकाखाली मी लिहिलं: आमच्या कामाला दुसरं कार्ड सरस. आणि मला फार आनंद झाला, कारण साहेबांच्या समोर चालेल असं कार्ड आपल्याकडं आहे हे मला आता माहीत होतं.

वही घेऊन मी आधी स्वयंपाकघरात गेले ही दुसरी चूक. आई अंबाडीची भाजी घोटत होती. तिनं मन लावून ऐकलं, पळी बाजूला ठेवली आणि दार लोटून घेतलं. "मंगे, हे असं सांगणार हायस जेवताना? जावई समोर बसल्यात, आन त्यांचं हलकं आन माझ्या भावाचं भारी?"

"मोजलंय मी आई. माझ्या पदरचं नाही."

"तू मोजलंस गं, पण भोगायचं अक्काला. मागल्या दिवाळीला घड्याळ लहान दिलं म्हणून सहा महिनं तिनं टोमणं खाल्लं. ते बोलत न्हाईत, त्यांची आई बोलती. आता घरचा मान गेला म्हणून बोलंल." तिचे डोळे भरून आले होते, आणि ते भाजीच्या वाफेनं नव्हते. "आकडंच हायत की. जरा हिकडचं तिकडं कर."

मला तिचा राग आला. त्याहून जास्त अक्काचा चेहरा डोळ्यासमोर आला. दिवाळीत आली तेव्हा ती मागच्या दारात बसून माझ्याशी बोलली होती, ते सगळं. मी वहीचं पान उलटलं आणि दुसऱ्या पानावर नवं कोष्टक लिहिलं. दाजींचं कार्ड: अकरा. मामांचं: तेरा. रेघा: दोन्हींच्या उत्तम. मामांना फार लागू नये म्हणून फरक दोनच सेकंदांचा ठेवला. मला तेव्हा ती माझी हुशारी वाटली, आणि लाजही वाटली. दोन्ही एकाच वेळी वाटतं माणसाला.

दुपारी पंगत बसली. ज्वारीची भाकरी, अंबाडी, खरडा, आणि जावयासाठी शेवयाची खीर. मी खोटं पान वाचलं. दाजींनी खिरीची वाटी तोंडाला लावली आणि खाली ठेवताना म्हणाले, "फर्स्ट क्लास. टेस्टिंग म्हंजे असं." अण्णा मान खाली घालून जेवत होते. मामांनी हातातला घास ताटात ठेवला.

"दोन शेकंदानं माझा माल खोटा ठरला?"

"खोटा नाही मामा, फक्त..."

"आण हिकडं माझं कार्ड."

मामांनी हात धुतले, आतल्या खिशातून काळा कसोटीचा दगड काढला आणि स्वतःच आणलेल्या कार्डाची खालची कड, जिथं सोनेरी पट्ट्या ओळीनं असतात, ती दगडावर घासली. एकदा. रेघ फिकी उठली. पुन्हा घासली, जोर लावून. तिसऱ्यांदा तर त्यांनी ओठ दाबून घासली. मग तेजाबाचा एक थेंब त्या रेघेवर सोडला आणि दगड आमच्या सगळ्यांच्या नाकाखालून फिरवला. "बघा! उडालं का? न्हाई उडालं. मुलामा हाय, पण अस्सल हाय. लावा तुमच्या पंखेवाल्याला कस!" दाजींनी आपला खोका मांडीखाली घेतला. मामा प्रसन्न झाले, "सरी, सरी" म्हणाले, आणि उरलेली भाकरी चवीनं खाल्ली. तिथं बसलेल्या पाच माणसांपैकी एकालाही हे थांबवावं असं वाटलं नाही, मलासुद्धा नाही. हातात कसोटी असलेल्या विटेकर माणसाला आमच्या घरात कुणी अडवलेलं नव्हतं. ते जोखायला लागले की सगळ्यांनी गप्प बसायचं असतं, एवढंच आम्हाला लहानपणापासून माहीत.

संध्याकाळी दाजींचं कार्ड समारंभानं मशिनमध्ये बसलं. आईनं त्याच्यावर हळद-कुंकू टाकायच्या आत मी डबा बंद केला.

शुक्रवारी अकराला साहेब आले. शिडशिडीत, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात पेन नाही पण माप घ्यायचा व्हर्निअर. भडंगाची बशी त्यांनी हात जोडून बाजूला सारली, चहा घेतला आणि माझ्याशेजारी स्टुलावर बसले. मागं अण्णा उभे, कडेला इस्त्रीच्या कपड्यातले दाजी आणि मामा, दारात आई. मी केसिंग उभी केली आणि फिरवली. साहेब पडद्याकडं वाकले आणि त्यांनी तिच्या तोंडाशी असलेल्या, बोल्ट लावायच्या चकतीवर बोट ठेवलं.

"ही फ्लँजची कड इथं संपते?"

"नाही साहेब. पुढं आहे."

"दिसत नाही."

"आहे साहेब, ड्रॉइंगमध्ये आहे."

"मला ड्रॉइंग नाही, हे बघायचंय. पुन्हा फिरवा." मी फिरवली. रेघ आली, गेली, भलतीकडंच उगवली. साहेब सरळ बसले. "जे दिसत नाही त्यावर मी सही कशी करू?"

"साहेब, आठ एमबी हाय," दाजी मदतीला धावले.

साहेबांनी त्यांच्याकडं बघितलं आणि चहाचा कप खाली ठेवला. कप खाली ठेवल्याचा तो आवाज ऐकला आणि मी समजून चुकले. आता हा माणूस उठणार, उद्या शनिवार, आणि आयुष्यभर मी ट्रॅक्टरच्या पार्टांच्या दुकानामागं राहणार. ज्यासाठी मी दोन दिवस उपाशी राहिले ते मी स्वतःच्या हातानं, एका पानावर, घालवलं होतं. मी उभी राहिले.

"साहेब, यात चुकीचं कार्ड आहे. मी दोन्ही मोजली होती. मामांचं कार्ड आपल्या कामाला चांगलं आहे, दाजींचं नाही. काल मी सगळ्यांसमोर खोटे आकडे वाचले." मग दाजींकडं वळून म्हटलं, "दाजी, मला माफ करा. पण अक्काला काही बोलू नका. हे माझं आहे."

आईनं पदर तोंडाला लावला. दाजींचा चेहरा लाल झाला आणि मग पडला. मामांनी मिशीवरून हात फिरवला. पण ते सुख त्यांना तीन मिनिटंसुद्धा लाभलं नाही. मी दाजींचं कार्ड काढलं, मामांचं बसवलं, बटण दाबलं. पडदा काळा. मशिन ओरडलं, एकदा लांब, दोनदा तुटक. पुन्हा तेच. कार्ड काढून उजेडात धरलं तर एक सोनेरी पट्टी बुडापासून उचकटून नखासारखी वर आली होती.

"इथं काय झालं?" साहेबांनी विचारलं.

सगळ्यांच्या माना मामांकडं वळल्या. शेवटी मामा म्हणाले, "मी कस लावला तिथंच."

"कस?"

"सोन्याचा."

साहेबांनी कार्ड डोळ्यांजवळ धरलं. "उतरलं का कसाला?"

"उतरलं की," मामा पडलेल्या आवाजात म्हणाले. "अस्सल हाय."

मला हसू आणि रडू एकदम येत होतं. तेवढ्यात दाजी पुढं आले. मला वाटलं आता हे पिशवी उचलून साताऱ्याची गाडी धरणार. त्यांनी इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि अण्णांना विचारलं, "सोल्डरिंग आयर्न हाय का? आन भिंग?" वीस वर्षं त्या माणसानं बर्फात बसून वायरलेसचे सेट दुरुस्त केले होते, हे आम्ही सगळे विसरून गेलो होतो, आमच्या लेखी ते फक्त जावई होते. ते स्टुलावर बसले. अण्णांनी झटपट धरणारा गोंद आणला, काडीच्या टोकानं थेंब दिला. दाजींनी पट्टी खाली बसवली. जिथं ती वरच्या रेघेपासून तुटली होती तिथं वायरीतली एकच तार सांधायची होती, आणि तार धरायला चिमटा लागत होता. चिमटा मामांकडं होता, आणि चिमटा धरायचा हातही.

"मामासाहेब, हलायचं न्हाई."

"हलत न्हाई."

"श्वास धरा."

"धरलाय," मामा ओठ न हलवता म्हणाले.

धूर उठला, सोल्डरमधल्या राळेचा वास आला. साहेबांनी दरम्यान भडंग संपवला. कार्ड बसलं, बटण दाबलं, पडदा उजळला. मी केसिंग फिरवली. साहेबांनी स्वतःच्या घड्याळात बघितलं. फ्लँजची कड सुरुवातीपासून शेवटपर्यंत, रेघ न तुटता फिरून आली.

"अकरा सेकंद," ते म्हणाले. "तुम्ही किती मोजले होते?"

मी वहीचं पहिलं पान उघडून दाखवलं. त्यांनी ते शांतपणे वाचलं, व्हर्निअर खिशात नीट केला आणि अण्णांना म्हणाले, "केसिंग करायला घ्या. ती पसंत पडली की बाकीचे सगळे नग तुमच्याकडंच." ते फाटकापर्यंत पोचायच्या आत दाजी आणि मामा यांच्यात वाद सुरू झाला होता: काम कार्डामुळं मिळालं की सांध्यामुळं. दुपारच्या गाडीपर्यंत तो चालला, आणि नंतरची पंधरा वर्षं प्रत्येक लग्नकार्यात. अक्काला मात्र त्या घरात त्यावरून कुणी चकार शब्द बोललं नाही. उलट दाजींनी साताऱ्यात सांगितलं की मामांनी मोडलेलं कार्ड आपण दुरुस्त केलं, आणि त्यांच्या आईनं शेजारणींना बोलावून ते पुन्हा सांगायला लावलं. म्हणजे मी खोटं लिहिलं नसतं तरी चाललं असतं, हे मला कळायला एवढे सगळे उद्योग व्हावे लागले.

पाहुणे गेल्यावर अण्णांनी माझी वही मागितली. त्यांनी पहिलं पान वाचलं, मग उलटून दुसरं. चष्मा काढला.

"दोनी तूच लिवलंस?"

"होय."

"खोटं कुणासाठी?"

"घरात शांतता राहावी म्हणून." आईचं नाव मी घेतलं नाही. ती भिंतीशी उभी होती.

"तोंडानं खोटं बोललं तर माणूस दुसऱ्या दिशी येऊन खरं बोलतंय, तू आज बोललीस तसं," अण्णा म्हणाले. "मापात खोटं लिवलं की त्याचं लोखंड ओतलं जातं. मग कुणाला काय सांगतीस?" त्यांनी वही मिटून मांडीवर ठेवली. "काम मिळालं खरं. तुझं काय करायचं ते मी बघतो."

मी जेवले नाही. आई दोनदा हाक मारून गेली. ठरल्याप्रमाणं साहेबांनी काम दिलं होतं, म्हणजे मी जिंकले होते, आणि तरी अण्णांनी आता उंब्रजला होकार कळवला तर त्यांना चूक म्हणण्याची सोय माझ्याकडं उरली नव्हती. शनिवारी सकाळी मी चहा गाळत होते तेव्हा त्यांनी फोनचं चक्र फिरवलं. उंब्रजचा नंबर मला पाठ झाला होता. फिरणाऱ्या चकतीच्या आवाजावरून ओळखला. चहा गाळणीबाहेर गेला.

"हां, राम राम. मंगलचं कळवायचं हुतं," अण्णा म्हणाले. "न्हाई, पोरगी रिकामी न्हाई आता. मापात चुकलीया. आमच्या शेडमधी जो कारागीर मापात चुकतो त्याला म्हैनाभर नुसता पॉलिशपेपर घासाया बसवतो आमी. तिला आजपासनं बसवलीया." पलीकडून काहीतरी विचारलं असावं. "न्हाई, न्हाई. म्हैन्यानं बी न्हाई. म्हैन्यानं तिला रंध्यावर घ्यायची हाय."

त्यांनी फोन ठेवला आणि माझ्याकडं न बघता टोपी घातली. बाहेर भोंगा वाजायला लागला होता.

"कारागीर भोंग्याच्या आदी जागेवर असतो," ते म्हणाले.

मी गाळणी तशीच टाकली, ओढणी कमरेला खोचली आणि चपला न घालता शेडमध्ये पळाले.